मेजरांची पेटी

आजोळी, पारनेर तालुक्यात, आजीच्या घराला लागून मेजरांचं घर होतं. त्यांच्या पडवीत पलंगाखाली एक काळी पत्र्याची पेटी असायची. तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक लांबलचक नंबर, नाव, पोस्ट, तालुका आणि जिल्हा असं सगळं इंग्रजीत रंगवलेलं. अक्षरं इतकी सरळ की पट्टी ठेवून काढली असावीत. दुपारी सगळे झोपले की मी पलंगाखाली शिरून त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, पण शेवटच्या ओळीत आपल्या जिल्ह्याचं नाव आहे हे मेजरांनी सांगून ठेवलं होतं. "पेटी कुठंही हरवली तरी घरी पोचली पाहिजे," ते म्हणायचे.

दिवाळीच्या आधी पेटी उन्हात निघायची. कडी काढली की डांबरगोळ्या आणि बूटपॉलिश यांचा मिसळलेला वास यायचा. आत हिरवी मच्छरदाणी, राखाडी ब्लँकेट, टवके उडालेला इनॅमलचा मग, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, तीन रांगांत बसलेल्या-उभ्या जवानांचा एक फोटो आणि तळाशी गोल गुंडाळून ठेवलेला रुंद पट्टा. पट्ट्याला हात लावायची परवानगी नव्हती. बाकी सगळं बघायला मिळायचं.

मेजर खरं तर मेजर नव्हते. फौजेत ते ट्रक चालवायचे आणि नायक म्हणून पेन्शनवर आले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. सरकारनं सतरा वर्षांत जे दिलं नाही, ते गावानं स्टँडवर उतरल्या उतरल्या देऊन टाकलं.

लहानपणी मला हवालदार, जमादार, सुभेदार, आमदार, खासदार हे सगळे शब्द एकाच रांगेतले वाटत. एकाला बढती मिळाली की तो पुढचा होतो, अशी माझी समजूत. त्या हिशेबानं आमचे मेजर कधीतरी आमदार होणार, हे मी गृहीत धरलं होतं. पारावरची माणसंही अधूनमधून म्हणायची, "मेजर, तुम्ही उभं राहा राव एकदा." मेजर हसायचे. म्हणायचे, "उभंच राहत आलोय की जन्मभर."

नगर जिल्ह्यात फौज ही काही लांबची गोष्ट नाही. शहराला लागून भिंगारची छावणी आहे. रणगाड्यांवरच्या जवानांना घडवणारं आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं, यांत्रिकी पायदळाचं केंद्र इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही इथलीच. १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात शाळेच्या सहली जातात आणि पोरं तोफेच्या नळीखाली बसून डबे खातात. ज्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद स्थानबद्ध होते, तो किल्लाही लष्कराच्याच ताब्यात. के. के. रेंजवर सराव असला की आवाज पार लांब यायचा. आजीच्या फडताळातली भांडी बारीक किणकिणायची. आजी म्हणायची, "चालू झालं यांचं." जणू शेजारच्या घरातलं भांडण. त्या आवाजानं मेजर मात्र ताठ व्हायचे. हातातला चहाचा कप तसाच धरून काही क्षण ऐकत राहायचे आणि मग प्यायचे.

याच भिंगारमध्ये १५ जून १९३७ रोजी किसन बाबूराव हजारे, म्हणजे पुढचे अण्णा हजारे, जन्मले. आजोबा फौजेत, त्यांची नेमणूक भिंगारला, म्हणून घर तिथं. मूळ गाव पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. पुढं परिस्थितीमुळं कुटुंब गावी परतलं आणि किसन मुंबईला गेला. दादरला फुलं विकली. साठच्या दशकात फौजेत भरती झाला आणि ट्रकचं चाक हातात आलं. १९६५च्या युद्धात तो खेमकरणच्या बाजूला होता. तिथं काय घडलं हे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं आहे. कुणी बॉम्ब म्हणतं, कुणी विमानातून झालेला मारा, कुणी सीमेवरची चकमक. एवढं मात्र सगळ्यांत सारखं आहे, की बरोबरचे गेले आणि गाडी चालवणारा वाचला.

आमच्या मेजरांच्या फोटोतही काही चेहऱ्यांवर पेन्सिलीनं बारीक टिंबं केलेली होती. ती कशाची, हे मी एकदाच विचारलं. त्यांनी फोटो पिशवीत घालून ठेवला.

वाचलेल्या माणसाला उरलेल्या आयुष्याचं ओझं वाटतं की ती उधारी वाटते, कोण जाणे. बहुतेक जण पेन्शन घेतात, जमिनीच्या तुकड्यावर विहीर काढतात, नाहीतर पुण्याला एखाद्या सोसायटीच्या दारावर वॉचमन होतात. १९७५ साली किसन हजारे फौजेतून राळेगणला परतले आणि लग्न न करता संत यादवबाबांच्या देवळातल्या खोलीत राहू लागले. देवळाची पार पडझड झालेली. त्याचं लाकूड लोकांनी दारूच्या भट्ट्यांत जाळलं, असं आजही सांगतात. ज्या गावाला पाऊस जेमतेम, पिकाचा भरवसा नाही, तिथं दारूचं पीक तेवढं बारमाही येत होतं. फौजेतून मिळालेले पैसे या माणसानं देवळाच्या दुरुस्तीला लावले. मेजर ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबून म्हणायचे, "फंडाचे पैसे बरं का!" ज्यानं फंडाच्या पैशाची वाट पाहिली आहे, त्यालाच त्या वाक्यातला जोर कळतो.

देवळानंतर पाणी. नाल्यांना बांध, उतारावर समतल चर, पाझर तलाव, झाडं. विलासराव साळुंखे यांचं पुरंदरमधलं पाणलोटाचं काम डोळ्यांसमोर होतं. राळेगणची ही कहाणी इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिचे कंगोरे झिजून गेलेत. मला तिच्यात एकच गोष्ट नेहमी दिसते: सकाळी फावडी-घमेली घेऊन एका रांगेत निघालेली माणसं. गाव असं रांगेत कधी चालत नाही. गाव घोळक्यानं चालतं. वाटेत थांबतं, तंबाखू मळतं, मागच्याला हाक मारतं. रांग ही फौजेची. ती त्या पेटीतूनच आली असणार.

आणि पट्टाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फौजेतल्या पट्ट्यानं मारलं जायचं, हे राळेगणनं कधी लपवलं नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसंच हे, असं अण्णा सांगत आले. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आजीकडं पाहिलं. तिच्या माहेरची दोन घरं दारूनं बसली होती. ती म्हणाली, "बरं केलं." पुढं थोडं वाचायला लागल्यावर मला ते बरं वाटेना. खांबाला बांधलेला माणूस डोळ्यांसमोर यायचा. त्याची बायको कुठं उभी असेल, त्याचं पोरगं शाळेत कसं गेलं असेल, असले प्रश्न पडायचे. आजीचं "बरं केलं" आणि माझं "बरं नाही" ही दोन्ही आजही माझ्यात शेजारी-शेजारी राहतात. त्यांचं पटत नाही, पण घर एकच आहे.

मेजरांना एकदा मी विचारलं होतं, की तुमचा पट्टा तुम्ही कधी असा काढलात का. ते म्हणाले, "पट्टा काढला की पॅन्ट सुटते." आणि खूप हसले. उत्तर टाळायची ही त्यांची पद्धत होती, असं मला तेव्हा वाटलं.

फौजेत माणूस हुकमावर जगतो. हुकूम वरून येतो, खाली जातो आणि मध्ये कुणी 'पण' म्हणत नाही. गावात मात्र प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं. हुकमाच्या जगातला माणूस या 'पण'च्या जगात आला की काय होतं, हे मी मेजरांच्या निमित्तानं पाहिलं. ग्रामसभेला ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. बोलायची वेळ आली की सावधानमध्ये उभं राहून चार वाक्यं बोलायचे. पाचव्या वाक्याला कुणीतरी मध्ये तोंड घालायचं, की ते थांबायचे आणि खाली बसायचे. दुसऱ्याचं वाक्य तोडून आपलं पुढं रेटायचं असतं, ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. आमदारकीचं माझं स्वप्न तिथंच विझलं.

पण सैनिक सभागृहात गेलेच नाहीत असं नाही. महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातीच्या सदस्यांना ती रुचली नाही. फौजेत बंदूक हाती घेतलेला माणूस टेबलाशी शेजारी बसलेला त्यांना चालेना. पुढं एका सुभेदाराचा मुलगा मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेला आणि १९२८ साली त्यानं महार वतनाचं विधेयक मांडलं. रामजी सुभेदारांची शिस्त भीमरावांच्या अभ्यासात कशी उतरली, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, मूळचे सावंतवाडीकडचे, पहिल्या लोकसभेत गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि तिथूनही त्यांनी शाळेच्या पोरांसाठी शिस्तीची योजनाच काढली. १९९१ साली राजापूर मतदारसंघात मधू दंडवत्यांसारख्या, वीस वर्षं निवडून येत राहिलेल्या, संसद कोळून प्यालेल्या माणसाला हरवलं ते लष्करातून आलेल्या सुधीर सावंतांनी.

सभागृहात सैनिकाला कसं वाटत असेल, याचा विचार करताना मला नेहमी मार्शल आठवतात. विधानसभेत २८८ माणसं बोलायला असतात आणि गणवेशातली थोडी माणसं गप्प उभी असतात. अध्यक्षांनी सांगितलं की ती न ऐकणाऱ्या सदस्याला उचलून बाहेर नेतात. म्हणजे सैनिक आमदार होऊन आत गेला की त्या दालनात हुकूम पाळणारा जो कुणी उरतो, तो त्यालाच बाहेर काढायला उभा असतो.

अण्णा हजारे त्या दालनात गेले नाहीत. निवडणूक लढवलीच नाही. मात्र दालनात काय व्हावं याचा हट्ट बाहेर बसून धरला. ऑगस्ट २००३ मध्ये ते माहितीच्या अधिकारासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. देशाचा कायदा त्यानंतर २००५ साली आला. त्याच सुमारास राज्यात बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा कायदा झाला, त्यामागंही त्यांचा रेटा होता. कोणतीही फाईल कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो म्हणतो. माहिती मागितली तर तीस दिवसांत द्या, असं दुसरा म्हणतो. हे आकडे वाचताना मला त्यांच्यात मेजरांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येतं. फौजेतून आलेल्या माणसाला गावात सगळ्यात जास्त काय छळत असेल, तर वेळ. कुणी म्हणतं, "येतो सकाळी." सकाळ म्हणजे किती वाजता? "उद्या-परवा बघू." उद्या की परवा? हवालदारानं रिक्रूटला सांगावं तसं या कायद्यांनी कचेरीला सांगून पाहिलं: इतक्या वाजता, इतक्या दिवसांत. कचेरीनं किती ऐकलं, ते ज्यानं त्यानं आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन पाहावं.

दारूचं तेच. तिथंही अण्णांच्या मागणीवरून नियम झाला. गावातल्या बायकांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. आजीच्या वयाच्या बायका डोक्यावरचा पदर सावरत शाळेच्या खोलीत जातात, पुठ्ठ्याच्या आडोशामागं वाकतात आणि शिक्का मारून बाहेर येतात. कुणी कुणाला बांधत नाही. नवरा बाहेर पिंपळाखाली उभा असतो आणि बायकोनं कुठं शिक्का मारला हे त्याला कळत नाही. राळेगणच्या त्या खांबापासून या पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंतची वाट फार लांबची आहे. एकाच माणसाच्या आयुष्यात ती दोन्ही टोकं आहेत. पट्टा कुठल्या दिवशी पुरेनासा झाला, हे त्या आयुष्यात कुठं नोंदलेलं नाही. मला वाटतं, पट्टा फार तर एका गावाला पुरतो. दुसऱ्या गावाला तो लावायचा तर ठराव लागतो, आणि ठरावाला माणसं लागतात. तीही 'पण' म्हणणारी.

पारनेरच्या मातीला हे उलटसुलट आवडतंच म्हणायचं. इथलेच सेनापती बापट. १८८० साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट कधी कुठल्या फौजेत नव्हते. परदेशात बॉम्बची विद्या शिकून आले आणि 'सेनापती' झाले ते मुळशीच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालवताना. हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा सेनापती. एकाच तालुक्यात गणवेश न घातलेला सेनापती आणि गणवेश उतरवून देवळात राहिलेला शिपाई. आमच्या मेजरांना मेजर करणारं गाव काही जगावेगळं करत नव्हतं तर.

२०११च्या ऑगस्टमध्ये अण्णांच्या लोकपालासाठीच्या उपोषणाला जमलेली रामलीला मैदानाची गर्दी टीव्हीवर दिसत होती, तेव्हा मेजर आजारी होते. त्यांना उशी लावून बसवलं होतं. पांढरी टोपी घातलेला तो आपल्या तालुक्यातला ट्रक ड्रायव्हर दिल्लीत बसून संसदेला मुदत देतोय, हे त्यांना एकाच वेळी अभिमानाचं आणि अवघड वाटत होतं. "मुदत कमांडर देतो," ते म्हणाले. "हा कुणाचा कमांडर?" मग जरा वेळानं, "पण माणूस पोटानं लढतोय. फौज पोटावर चालते म्हणतात, हा बिनपोटाचा चाललाय." २७ ऑगस्टला संसदेनं अण्णांच्या तीन मागण्यांवर आपली भावना व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवशी उपोषण सुटलं. पुढच्या वर्षी बरोबरच्या काहींनी पक्ष काढला. अण्णा पक्षात गेले नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये लोकपाल विधेयक राज्यसभेत १७ तारखेला आणि लोकसभेत १८ला मंजूर झालं, तेव्हा ते राळेगणच्या यादवबाबांच्या देवळात उपोषणाला बसलेले होते. कायदा तिकडं झाला, उपास इकडं सुटला.

दालनाबाहेर राहणं हा संयम की तिथल्या गोंगाटाचा तिटकारा? अण्णा आत गेले असते तर त्यांनाही रोज कुणाशी तरी जुळवून घ्यावं लागलं असतं, आपलं वाक्य तोडू द्यावं लागलं असतं, हरावं लागलं असतं. हरण्याची सवय ही आमदाराची निम्मी कमाई. सैनिकाला ती शिकवत नाहीत. मेजरांचा तो थबकून खाली बसण्याचा क्षण मला यासाठीच आठवत राहतो. कधी वाटतं ती त्यांची हार होती. कधी वाटतं, त्या सभेत दुसऱ्याला बोलू देणारा तो एकटाच होता.

मेजर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या खेपेला आजोळी गेलो तेव्हा सातबाऱ्याच्या कामाचं विचारायला ग्रामपंचायतीत गेलो होतो. कोपऱ्यात काळी पेटी दिसली. नंबर अजून वाचता येत होता. जिल्ह्याचं नाव मात्र पुसट झालेलं. तसं ते आता बदललंही आहे. जुनी प्रोसिडिंग बुकं ठेवायला त्यांच्या मुलानं दिली म्हणे. उंदीर शिरत नाहीत. शिपायानं कडी ओढली, निघेना, मग वरून एक गुद्दा हाणला. "हिला हुकूम द्यावा लागतो," तो म्हणाला. डांबरगोळ्यांचा वास गेला होता. पट्टा दिसला नाही, मीही विचारलं नाही.

एक वही काढून उगाच चाळत बसलो. ग्रामसभांची हजेरी. पानामागून पान, मेजरांची सही पहिली. समोर, जिथं काही लिहायचं नसतं अशा समासात, त्यांनी स्वतःच वेळ घातलेली: ०९००. खाली ओळ: गणसंख्येअभावी सभा तहकूब. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, असा नियमच आहे. त्यामुळं तासाभरानं तीच सभा पुन्हा भरलेली आणि एकाच पेनानं, एकाच घाईत झालेल्या पंधरा-वीस सह्या. पुढच्या सभेला पुन्हा तेच. मेजर, ०९००. मग तहकूब. मग बाकीचे.

सूचक म्हणून त्यांचं नाव मला कुठं सापडलं नाही. एका ठरावाला अनुमोदक म्हणून सापडलं, शाळेच्या विहिरीला जाळी बसवण्याच्या. शिपाई कुलूप घेऊन उभा होता. मी विचारलं, "शाळेच्या विहिरीला जाळी आहे का आता?"

"बघावं लागेल," तो म्हणाला.

शाळा पाच मिनिटांवर होती. मी घड्याळात पाहिलं आणि निघालो.